चाळीस पानांचा माझा कॅट: चित्रं पुन्हा काढायला घेतली आहेत, मत हवंय

चुलीपाशी (अमळनेर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई गेली त्या वर्षी मी पानं काढायला लागले. पत्त्यांसारखी पानं, पण त्यात किलवर-बदाम नाहीत. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्या कापून कोऱ्या बाजूवर काळ्या पेनाने एकेक वस्तू काढत गेले. मांडे भाजायचं मातीचं खापर, पाटा, कडुनिंबाच्या फांदीचा झोका, घागर, गाडीचं चाक, तापीवरचा पूल. ठरवून काहीच नव्हतं. सहा-सात महिन्यांत चाळीस झाली आणि त्यांची चार घरं आपोआप पडली: चूल, शेत, पाणी, वाट. प्रत्येक घरात दहा पानं. सकाळी कॅट पिसायचा, एक पान काढायचं, चहा उकळेपर्यंत त्याच्याकडे बघायचं आणि जे मनात येईल ते वहीत लिहायचं. यात भविष्य नाही, कौल नाही. त्या दिवसाशी बोलायला एक वस्तू समोर लागते, तेवढंच. चार वर्षं हे चाललंय आणि त्याने मला फार आधार दिलाय.

गेल्या वर्षी वाटलं, हे नीट करावं. टॅबवर सगळी पानं नव्याने काढली. सोनेरी चौकट, कोपऱ्यात वेलबुट्टी, वर घराचा रंग, खाली ठळक अक्षरात नाव. तीन महिने रोज रात्री बसले. मग एका प्रेसमधून छापून आणली. बघणारा प्रत्येक जण 'छान' म्हणतो. पण दोन्ही कॅट टेबलावर ठेवले की हात जुन्याकडे जातो. भाचीचा गेला, शेजारच्या वहिनींचा गेला, भावाचा गेला. माझासुद्धा.

एक गोष्ट मी लक्ष देऊन बघितली. नवीन पान हातात घेतलं की माणूस आधी खालचं नाव वाचतो आणि लगेच बोलायला लागतो. 'पूल' वाचलं की पुलाबद्दल त्याला आधीच जे माहीत आहे ते सांगतो. जुन्या पानावर नाव नाही. तिथे माणूस गप्प होतो, पान जरा जवळ धरतो, कधी तिरकं करतो. मला हवं ते त्या गप्प होण्यात आहे, आणि नव्या कॅटमधून नेमकं तेच निघून गेलंय.

मागच्या महिन्यात मावशी आली होती शिरपूरकडून. चौऱ्याहत्तर वय, बोलणं सगळं अहिराणीत. तिच्या हातात नवीन खापराचं पान दिलं. तिने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हाई खापर थंडं शे." आणि पान खाली ठेवून दिलं.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. सगळी चित्रं पुन्हा काढायची आहेत. नावं ठेवू की काढू? चौकट? रंग? ज्यांना यातलं काही कळतं त्यांनी मोकळेपणाने सांगा.


शाई_आणि_कटर (जळगाव)

ताई, मी चित्रातला माणूस नाही, छपाईतला आहे. वीस वर्षं कटरवर उभा आहे. म्हणून हाताला काय जाणवतं तेवढंच बोलतो.

जुनी पानं लग्नपत्रिकेची, म्हणजे जाड, थोडी खरखरीत, लॅमिनेशन नाही. नवीन बहुतेक ३०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्डवर ग्लॉस लॅमिनेशन करून दिली असतील. ग्लॉसवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की चित्र दिसायच्या आधी चकाकी दिसते. नवीन पान कोणी तिरकं केलं तर ते बघायला नाही, चकाकी चुकवायला. मॅट घ्या, आणि दोन्ही बाजूंनी घ्या. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर आपल्याकडच्या मे महिन्यात पान पापडासारखं वळतं.

दुसरं, चौकट. तीन मिलिमीटरची चौकट असेल आणि गठ्ठा कापताना कागद एक मिलिमीटर सरकला, तर एका बाजूला दोन राहते आणि दुसऱ्या बाजूला चार. इतकं सरकणं कुठल्याही छोट्या प्रेसमध्ये होतंच. चित्र बरोबर असलं तरी डोळा तिथेच अडकतो. चौकट काढून टाका. चित्राची जमीन कडेपर्यंत, त्याहीपुढे तीन मिलिमीटर बाहेर जाऊ द्या. म्हणजे कटर थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणाला कळणार नाही.

तिसरं, सोनेरी. चार रंगांच्या छपाईत सोनं छापता येत नाही. स्क्रीनवर झळकतं, कागदावर मातकट पिवळं उतरतं. खरं सोनेरी हवं असेल तर फॉइल लागतं. चाळीस पानांच्या एकदोन कॅटसाठी तो खर्च करू नका.


तिसरा_प्रहर (धुळे)

मी टॅरो (भविष्य बघायला वापरतात ती पाश्चात्त्य चित्रपानं) आणि गंजिफा (आपल्याकडचे हाताने रंगवलेले जुने पत्ते) दोन्हीच्या नादात असतो, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

नावाचा प्रश्न जुना आहे ताई. टॅरोची ७८ पानं असतात, २२ मोठी आणि ५६ छोटी. पूर्वीच्या बहुतेक कॅटमध्ये छोट्या पानांवर नुसती चिन्हं मोजून मांडलेली असायची, पाच पेले म्हणजे पाच पेले. १९०९ मध्ये लंडनला पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ए. ई. वेट या लेखकासाठी कॅट काढला आणि त्या छोट्या पानांवरही माणसं, घरं, प्रसंग आणले. तिच्या पाच पेल्यांच्या पानात काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे. तीन पेले सांडलेत, दोन त्याच्या पाठीमागे उभे आहेत आणि ते त्याला दिसत नाहीत. पुस्तक न उघडता बघणाऱ्याला कळतं की काहीतरी गेलंय आणि काहीतरी उरलंय. आज जगभर जे टॅरो निघतात त्यातले कितीतरी तिच्याच रचनेवर उभे आहेत.

आता गंजिफा बघा, तो बरोबर उलट्या वाटेने जातो. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं. दहा अवतारांची दहा घरं, प्रत्येक घरात राजा, प्रधान आणि एक ते दहा. प्रसंग असतो तो राजा-प्रधानाच्या पानावर. बाकी सगळी चिन्हं: मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. नाव कुठेच लिहिलेलं नसतं. घराची ओळख जमिनीच्या रंगाने आणि चिन्हाने पटते, ती इतकी पक्की की हातात पानं पंख्यासारखी धरून नुसत्या कडा दिसल्या तरी खेळणारा ओळखतो.

तुमच्या कॅटमध्ये या दोन्हींची सरमिसळ झालीय असं मला वाटतं. वस्तू गंजिफ्यासारखी एकटी आहे, आणि तिच्याकडून अपेक्षा पामेलाच्या पानासारखी आहे, की ती गोष्ट सांगेल. एकटी वस्तू गोष्ट सांगू शकते, पण मग तिला काहीतरी होत असताना दाखवावं लागेल. मावशींचं वाक्य मला तरी त्याच अर्थाचं वाटलं.


चुलीपाशी

तिसरा_प्रहर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठले आणि जुनं खापराचं पान काढून बघितलं. आणि लख्ख दिसलं.

जुन्या पानावर खापर पालथं आहे. चुलीवर पालथं, खालून जाळ, आणि वर मांडा टाकायला रिकामी पाठ. नव्या पानावर मी ते सरळ काढलंय, मडक्यासारखं, तोंड वर, बाजूला दोन पानंफुलं. कशासाठी? कारण सरळ भांडं 'दिसायला' बरं दिसतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पुरणाचे मांडे तव्यावर होत नाहीत. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालतात. भिजवून भिजवून सैल केलेल्या कणकेत पुरण भरून तो गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत फिरवत पसरवतात आणि त्या तापलेल्या पाठीवर टाकतात. सरळ ठेवलेलं खापर म्हणजे सणानंतर धुवून कोपऱ्यात ठेवलेलं खापर. मावशी शब्दशः खरं बोलली होती. ते थंडच होतं.


रावेरचा_केळीवाला

ताई, तुमच्या शेताच्या घरात केळी असेलच. कशी काढलीय? घड काढला असेल, पिवळाधमक.


चुलीपाशी

हो भाऊ. अगदी तसाच.


रावेरचा_केळीवाला

मग ऐका. झाडावर पिवळा झालेला घड आम्ही बघतच नाही. घड हिरवाच उतरतो, पिकतो तो पुढे, आमच्या नजरेआड. पिवळा घड हे बाजारातलं चित्र झालं, शेतातलं नाही.

शेतातलं केळीचं चित्र सांगू? घड उतरवला की ते खोड पुन्हा कधी व्यायचं नाही. त्याचं काम संपलं. पण आम्ही ते लगेच बुडापासून तोडत नाही, अर्धं उभं ठेवतो. कारण त्याच्या बुडाशी पील वर आलेलं असतं आणि उभ्या खोडातलं पाणी, अन्न त्या पिलाला मिळत राहतं. मोठं खोड वरून वाळत जातं आणि शेजारी पोपटी पील सुरळी उलगडत असतं. नवती, म्हणजे पहिल्या लागवडीची बाग, संपून पिलांची पिलबाग सुरू होते ती अशी.

तुम्ही लिहिलंय की आई गेल्यावर हे सुरू केलं. मला वाटलं हे सांगावं.


चुलीपाशी

भाऊ, दोनदा वाचलं. उत्तर द्यायला वेळ लागला.

त्या पानाचा माझ्या वहीतला अर्थ 'भरभराट' असा होता. तो खोडला.


आखाजीची_लेक (पुणे, माहेर पारोळा)

मी थोडी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

सगळ्यांचा कल नाव काढून टाकण्याकडे दिसतोय. पण माझी मुलं पुण्यात वाढली. त्यांना खापर माहीत नाही, डांगर म्हणजे खरबूज हे माहीत नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर का भरतात हे माहीत नाही. त्यांच्या हातात बिननावाचं पान दिलं तर ती म्हणतील 'मडकं'. आणि तो शब्द त्यांना कधी मिळणारच नाही. आपल्या वस्तू घरातून गेल्या, आता नावंही जाऊ द्यायची का? मला तर वाटतं नाव अहिराणीत लिहावं, चांगलं मोठं.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताईंचं म्हणणं मनाला लागलं. पण नाव वाचवायची जागा पानाचं तोंडच असली पाहिजे असं नाही. वेगळी घडीपत्रिका करता येईल, चाळीस छोटी चित्रं आणि पुढे नाव, एकदोन ओळी. मूल आधी पान बघेल, मग विचारेल, 'आई, हे काय?' तेव्हा घरातलं कोणीतरी सांगेल. नाव छापलेलं असलं तर विचारायचं कारणच उरत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून दोन चाचण्या सुचवतो. दोन्हींना पैसे लागत नाहीत. पान भिंतीला टेकवा, पाच-सहा पावलं मागे जा आणि डोळे बारीक करा. बारीक रेघा विरघळतात आणि फक्त गडद-फिकट डाग राहतात. त्या डागांवरून वस्तू कळली पाहिजे. कळत नसेल तर कितीही वेलबुट्टी घाला, पान उभं राहणार नाही. दुसरी चाचणी, पानाचा फोटो काढून तो काळा-पांढरा करा. तुमच्या नव्या पानांत तपकिरी जमिनीवर तपकिरी वस्तू असतील तर सगळं एकच राखाडी होईल. जुनी पानं काळ्या पेनाची, पांढऱ्या कागदावरची, म्हणून ती दोन्ही चाचण्यांत आपोआप पास होतात. ती तुम्ही घाईत काढली, हेच त्यांच्या कामी आलं.

आणि एक. अमळनेरहून चाळीसगाव काही लांब नाही. एकदा येऊन छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन बघा. ते १९८९ मध्ये गेले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी इथल्या घरातच काढला, बाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं बघा. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड नेमका एका बाजूने टाकून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. वस्तू लहान असली तरी उजेड कुठून येतो हे ठरलं की ती मोठी होते. तुमच्या चूल-घराच्या दहाही पानांत उजेड खालून, जाळातून आला तर? पाणी-घरात वरून? नुसत्या उजेडाच्या दिशेने घर ओळखू येईल.


चुलीपाशी

गिरणाकाठ सर, खालून उजेड! हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. आज रात्रीच करून बघते.

आखाजीची_लेक, तुमच्यावर कसला राग. तुमचं म्हणणं सोडून द्यायचं नाहीये. घडीपत्रिकेत नाव अहिराणीत आणि मराठीत, दोन्ही. घागरीचं पान तुमच्याचमुळे बदलतेय. आधी कमरेवर घागर घेतलेली बाई होती, सगळ्या कॅलेंडरांवर असते तशी. आता आखाजीची घागर वरून बघितलेली काढतेय, तोंडाचं वर्तुळ, आत काळं पाणी आणि काठावर टेकलेलं डांगर. पितरांसाठी भरलेल्या घागरीकडे आपण असंच वाकून बघतो ना. पाणी काठापर्यंत आलं का ते.


पांझरेचं_पाणी (धुळे)

ताई, वयाने मोठा म्हणून एक सांगतो. यादीत आपल्या खानदेशच्या देवीचं, कानबाईचं पान आहे का? असेल तर माझी विनंती आहे, मुखवटा काढू नका. ही पानं जमिनीवर मांडली जाणार, त्यांना पाय लागणार, चहा सांडणार. आमच्या घरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, सगळी भाऊबंदकी एकत्र येते. तिचं तोंड पत्त्यावर बघवणार नाही. तुमच्या भावनेबद्दल शंका नाही.


तिसरा_प्रहर

तात्या, बरोबर आहे तुमचं. पण एक सांगतो, गंजिफ्यात दहा अवतार होते आणि लोक ते भक्तीने खेळत. देवाचं चित्र पानावर आलं म्हणजे अवमान झाला असं नाही.


पांझरेचं_पाणी

ते असेल. मी माझ्या घरातलं सांगितलं.


चुलीपाशी

तात्या, पान आहे आणि मुखवटाच काढला होता. तुमचं लिहिणं वाचून दोन दिवस ते बाजूला ठेवलं.

मग आठवलं, मला कानबाईचा सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला क्षण रविवारचा नाहीच. सोमवारचा आहे. बायका तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जातात, आणि मी लहानपणी तापाने घरी राहिले होते. घर एकदम शांत. पुढच्या खोलीत रिकामा चौरंग. त्यावर कलश होता तिथे तांदळाचं गोल वर्तुळ उरलेलं, मधोमध कुंकवाचा डाग, एक झेंडूचं फूल कलंडलेलं. आधीच्या रात्री ज्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती तिथे मी एकटी.

आता पानावर तेच आहे. चौरंग, तांदळाचं वर्तुळ, फूल. देवी नाही. भाचीला दाखवलं, तिला कानबाई माहीत आहे. ती लगेच म्हणाली, "आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय."


पांझरेचं_पाणी

ताई, हे पान माझ्या देवघरातसुद्धा चालेल.


वाघूर_वळण (जामनेर)

रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. पुरुषांत हे बऱ्याच जणांना असतं, फक्त कोणी सांगत नाही. तुम्ही लिहिलंय की वर घराचा रंग आहे. चूल लाल आणि शेत हिरवं असणार. माझ्यासाठी ती दोन्ही घरं एकच आहेत. रंगासोबत काहीतरी आकार द्या.


चुलीपाशी

वाघूर_वळण दादा, तुम्ही सांगितल्यावर भावाला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं तीनच घरं आहेत." चार वर्षं माझ्यासोबत बसतो आणि एकदाही बोलला नाही!

रंगाची पट्टी काढून टाकलीय. आता डाव्या कोपऱ्यात छोटी खूण: चुलीला तीन टिपके, तीन दगडांच्या चुलीसारखे. शेताला तीन आडव्या रेघा, नांगराच्या तासांच्या. पाण्याला एक नागमोडी रेघ. वाटेला दोन उभ्या रेघा, गाडीच्या चाकोऱ्या. पान उलटं आलं तरी खूण तीच राहते हेही बघितलं. टिपके तेवढे उलटे होतात, पण तीन ते तीनच. आणि पानं हातात पंख्यासारखी धरली की कोपरे ओळीने दिसतात, ते तिसरा_प्रहर यांच्या गंजिफ्यावरून घेतलं.

आता खापर. कारण मूळ प्रश्न तिथलाच होता.

पाच वेळा काढलं. पहिल्यात पालथं केलं, जाळ काढला, तरी थंडच वाटत होतं. मग वहिनींच्या माहेरी मांडे होते तिथे मुद्दाम गेले आणि दोन तास चुलीपाशी नुसती बसून राहिले. तिथे जे दिसलं ते घरी बसून मला कधीच सुचलं नसतं. तापलेल्या खापराची पाठ एकसारखी काळी नसते. मधे, जिथे मांडा पडतो, तिथे ती पांढुरकी, जवळजवळ राखेच्या रंगाची होते. कडेला काजळी. आणि त्या पांढऱ्या भागावर आधीच्या मांड्याचे तपकिरी ठिपके राहतात, जिथे पुरण फुटून लागलेलं असतं. चार मांडे झालेलं खापर आणि पहिल्या मांड्याची वाट बघणारं खापर वेगळं दिसतं. मी जन्मभर मांडे खाल्ले आणि हे कधी बघितलं नव्हतं.

पाचव्या चित्रात ते ठिपके आले. जमीन पूर्ण काळी, उजेड खालून, खापराची कडा आतून तांबूस, मधे पांढुरका गोल आणि त्यावर चार-पाच ठिपके. बाकी काही नाही. पानंफुलं गेली, चौकट गेली, नाव गेलं.

मावशीला फोनवर फोटो पाठवला, तिला तो मोठा करून बघता येईना. म्हणून कागदावर काढून शिरपूरला घेऊन गेले. तिने पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. काहीच बोलली नाही. मग अंगठ्याने त्या पांढऱ्या गोलावर हळूच फिरवलं, जसं खापर तापलंय का बघताना पाण्याचा हात फिरवतात, आणि मला विचारलं की पुरणात जायफळ घातलं होतं का. मग तिच्या सासूची गोष्ट सुरू झाली, ती मी याआधी कधीच ऐकली नव्हती. एक तास चालली. ती माझ्याकडेच ठेवते.


आखाजीची_लेक

वाचताना डोळ्यात पाणी आलं. नावाचा हट्ट सोडला ताई. घडीपत्रिका मात्र नक्की करा, आणि अहिराणी नावं लिहायला मदत लागली तर मी आहे. पारोळ्याची अहिराणी आणि शिरपूरची जराशी वेगळी पडते, दोन्ही लिहू.


गिरणाकाठ

एक सावधगिरी. खापर जमलं म्हणून चाळीसही पानं काळ्या जमिनीवर काढू नका. चूल-घर काळं असू द्या. शेताची जमीन उन्हाची, जवळजवळ पांढरी ठेवा, आपल्याकडचं दुपारचं ऊन सगळे रंग खाऊन टाकतं तशी. नाहीतर कॅट एकसुरी होईल.

आणि प्रत्येक पानासाठी वहिनींच्या माहेरासारखं दोन तास बसणं झालं पाहिजे. जिथे बसता येत नाही ते पान जुनंच राहू द्या.


चुलीपाशी

सर, तोच नियम धरलाय. चाळीसपैकी सतरा झाली. झोक्यासाठी दोरी फांदीला घासून साल गेलेली जागा बघून आले. केळीसाठी रावेरला यायचंय, भाऊ, दिवस सांगा. तापीच्या पुलाचं अडतंय. पूल बाजूने बघितला की पोस्टकार्ड होतो, आणि वरून गाडीतून जाताना तर तो दिसतच नाही.


रावेरचा_केळीवाला

सध्या घड उतरवणं चालूच आहे, कधीही या, फक्त सकाळी लवकर. आणि पुलाचं म्हणाल तर खाली उतरून बघा. उन्हाळ्यात पाणी आटलं की खांबांवर पुराच्या खुणा दिसतात, एकावर एक. कुठल्या वर्षी कुठवर आलं ते म्हातारे बोटाने दाखवतात.


चुलीपाशी

खांब! मी पूल काढत होते आणि काढायचे होते खांब.


शाई_आणि_कटर

ताई, आता आकाराचं ठरवून टाकू. नेहमीचे पत्ते ६३ बाय ८८ मिलिमीटर असतात, टॅरो ७० बाय १२०. मावशींच्या हाताला लांब पान पिसायला जड जाईल आणि छोट्यात खापराचे ठिपके हरवतील. ७० बाय १०० घ्या. १३ बाय १९ इंची शीटवर ब्लीड, म्हणजे कडेबाहेरचे ते तीन मिलिमीटर, धरून सोळा पानं बसतात. चाळीस पानांना तीन शीट लागतील, म्हणजे आठ जागा उरतात. त्या वाया घालवू नका. तिथे खापराचं पान दोन वेगवेगळ्या काळ्यांत टाका, एक नुसत्या काळ्या शाईचं आणि एक त्यात थोडी निळी-लाल मिसळलेलं. नुसती काळी शाई मोठ्या जमिनीवर राखाडी दिसते. स्क्रीनवर हे कळणार नाही, कागदावरच कळेल.

कागद ३५० जीएसएम, मॅट, दोन्ही बाजूंनी. शीट लावताना सगळ्या पानांचा दाणा, म्हणजे कागदाचे तंतू, एकाच दिशेला ठेवू, नाहीतर पावसाळ्यात अर्धी पानं एकीकडे वळतील आणि अर्धी दुसरीकडे. पाठ अशी करा की वरखाली फिरवली तरी सारखीच दिसेल, नाहीतर उलटं आलेलं पान पाठीवरूनच ओळखू येतं.

सतरा झाली आहेत तर एक शीट आताच काढू, सोळा पानांचं. बाकीच्यांची वाट बघू नका. पेन ड्राइव्हवर घेऊन या, गुरुवारी दुपारनंतर मशीन मोकळी असते. जुना कॅटही सोबत आणा, जाडी त्याच्याशी लावून बघू.


चुलीपाशी

येते दादा, गुरुवारी. मावशीपण येतेय, तिला मशीन बघायची आहे.